आठ किलोमीटर रस्त्याच्या पैशात चंद्र

राष्ट्रीय अंतराळ दिनाला शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. मुलांनी थर्माकोलचं विक्रम लँडर केलं होतं, त्याचे पाय सायकलच्या तारांचे. सातवीतल्या एका मुलीने न अडखळता सांगितलं की 2008 साली चांद्रयान-1 गेलं आणि चंद्रावर पाण्याचा अंश असल्याचं त्याच्यावरच्या उपकरणाने दाखवून दिलं. टाळ्या वाजल्या. मग पाहुणे उठले. म्हणाले, चंद्रावर पाणी शोधायला सरकारकडे पैसा आहे, आपल्या कसाऱ्याकडच्या पाड्यांना नळ द्यायला नाही. तोच पैसा इकडे वळवला असता तर टँकर केव्हाच बंद झाले असते. याला टाळ्या आणखी जोरात पडल्या. ती मुलगी खाली मान घालून लँडरपाशी जाऊन बसली.

आठवडाभर मला ते डाचतंय. टँकरवर या जागेत मी किती वेळा लिहिलं ते तुम्ही जाणता. दारोदार मांडलेले निळे ड्रम, त्यांवर रंगाने लिहिलेली घराघरांची नावं, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरणारी बाई, हे मी दर मे महिन्यात पाहतो. पाहुण्यांचा संताप खराच आहे. पण संतापाचा रोख चुकला की ज्याला जाब विचारायचा तो मोकळा सुटतो. म्हणून एकदा हिशोब मांडू.

चांद्रयान-3 ला सुमारे 615 कोटी रुपये लागले. आपल्या तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, खर्च 55,335 कोटी. भागाकार केला तर किलोमीटरला जवळपास 79 कोटी येतात. म्हणजे देश चंद्रावर उतरला त्या पैशात समृद्धीचा आठ किलोमीटरचा तुकडाही पुरा होत नाही. इगतपुरी-कसारा बोगद्याची लांबी साधारण तेवढीच आहे, आणि बोगद्याला तर सरासरीपेक्षा कितीतरी जास्त लागले. गाडीने तो पाच-सहा मिनिटांत संपतो.

5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्या दिवशी मला तरी एकही माणूस भेटला नाही जो म्हणाला, हा पैसा पाड्यांच्या नळांना दिला असता तर. याच रस्त्याच्या कामावर सरळांब्याला 1 ऑगस्ट 2023 रोजी गर्डर उचलणारं यंत्र कोसळलं आणि 20 कामगार गेले. त्याच महिन्याच्या 23 तारखेला विक्रम चंद्रावर उतरलं. मी रस्त्याच्या विरोधात नाही. शेतमाल नाशिकला न्यायचा, आजाऱ्याला मुंबईला न्यायचं तर रस्ता हवाच. माझं म्हणणं एवढंच की रस्ता डोळ्यांसमोर असतो म्हणून त्याचा खर्च आपण निमूट गिळतो. यान दूर जातं, दिसत नाही, म्हणून पाड्यावरच्या तहानेचं बिल त्याच्या नावावर फाडतो.

तहानेचं कारण पैशाची चणचण हे असतं, तर जलजीवन मिशनने ती केव्हाच भागवली असती. 2019 मध्ये त्याचा आराखडा 3 लाख 60 हजार कोटींचा होता. त्यात 580 वर चांद्रयानं बसतात. तरी पाइप आलेला, टाकी उभी राहिलेली आणि टाकीत चढवायला पाणीच नाही, असा पाडा मी स्वतः पाहिलाय. पाऊस इथे धो धो पडतो, पण काळ्या कातळात तो मुरत नाही; जो अडतो तो भातसा आणि तानसात अडतो आणि मुंबईला जातो. मुंबईच्या एकूण पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातशाचं. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा, आणि देशाच्या अंतराळ विभागाची त्याच वर्षाची तरतूद 13,416 कोटींची. साडेपाच पट! माझा जुना हट्ट पुन्हा सांगतो: मुंबईच्या प्रत्येक पाणीबिलात धरणाकाठच्या गावांसाठी वेगळी रक्कम धरली पाहिजे. तिने सगळे टँकर थांबतील का, याचा हिशोब मी केलेला नाही. तरी मागणं तिथे आहे, श्रीहरिकोट्याला नाही.

अंतराळातून आपल्याला काय मिळालं, याचं उत्तर मला घाटमाथ्यावर सापडतं. मुरबाडहून आहुपे घाट चढला की आंबेगाव तालुका, त्यात माळीण. 30 जुलै 2014 ला डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं गेली. पहिली खबर दिली एसटीच्या चालकाने. तो नेहमीसारखा पोहोचला तर गाव जागेवर नव्हतं. बरोबर अकरा वर्षांनी, 30 जुलै 2025 ला, नासा आणि इस्रोने मिळून बांधलेला निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. त्याचं रडार ढगांतून आणि अंधारातही पाहतं, दर 12 दिवसांनी त्याच जागेवर येतं आणि जमीन सेंटिमीटरभर सरकली तरी टिपतं. एका रात्रीच्या पावसाने सुटणारी दरड ते आधी सांगेल असं नाही. पण महिनोन्‌महिने हळूहळू खाली सरकणारा उतार त्यात दिसू शकतो. सिद्धगडापासून माळशेजपर्यंत कड्याखाली राहणाऱ्यांसाठी तेवढी आगाऊ खबर म्हणजे लेकराबाळांसह बाहेर पडायला मिळालेला वेळ.

गगनयानाबद्दल मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. त्याचा खर्च 20 हजार कोटींवर गेलाय आणि माणूस वर पाठवण्याची घाई मला अजून पटलेली नाही. पण जमिनीकडे तोंड करून फिरणाऱ्या उपग्रहांवरचा एक रुपयाही कमी होऊ नये. उलट त्यांनी टिपलेलं खाली पाड्यापर्यंत पोहोचवायला आणखी खर्च व्हावा, कारण साखळी तुटते ती तिथे.

गेल्या आवणीच्या दिवसांत मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या आतल्या एका पाड्यावर होतो. घरात आजी एकटीच. ओटीवरच्या एका खुंटीपाशीच रेंज येते, म्हणून घरातला फोन पिशवीत घालून तिथे टांगलेला. आजी म्हणाली, "वाजला बग मगाशी. वाचनारी पोरां सगली शेतान गेलीत." मी पिशवीतून फोन काढून पाहिला. अतिवृष्टीचा इशारा होता, घराबाहेर पडू नका असा, सकाळी साडेसहाला आलेला. तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि समोरच्या खाचराच्या बांधावरून पाणी वाहत होतं.