हात कुणाचा, दोरी कुणाची

आपल्यातलेच काही दोस्त म्हणतात, परराष्ट्र धोरण हा दिल्लीवाल्यांचा धंदा, आपण आधी पाणवठा बघावा, गायरान बघावं. मग बाबासाहेबांनी १९५१ च्या राजीनाम्याच्या कारणांत परराष्ट्र धोरण कशाला घातलं? वेळ जात नव्हता म्हणून?

अमेरिकेत बघा. ज्या ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर जन्मली, तिथला काळा खासदार रॉन डेलम्स. मुंबईत आपली पँथर उभी राहिली त्याच १९७२ साली त्यानं दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारविरुद्ध बिल मांडलं. कुत्रं विचारीना. पण १९८६ मध्ये त्याच काँग्रेसनं निर्बंधांचा कायदा केला. रेगननं नकाराधिकार वापरला, तोही उलथला : हाऊसमध्ये ३१३ विरुद्ध ८३, सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २१. सिनेटमध्ये रेगनच्याच पक्षाचे ३१ जण फिरले.

मधल्या चौदा वर्षांत खासदारांना काय बोधी प्राप्त झाली? छट्! १९६५ च्या कायद्यानं दक्षिणेतल्या काळ्यांच्या हाती मत आलं होतं, ते आता मोजावं लागत होतं. १९८४ च्या नोव्हेंबरात रँडल रॉबिन्सन आणि सोबती वॉशिंग्टनच्या दक्षिण आफ्रिकी वकिलातीत ठाण मांडून बसले, अटक झाले. मग महिनोन् महिने दारात अटका. पोरांनी विद्यापीठांना तिथले पैसे काढायला लावले. परदेशाचा प्रश्न खासदाराच्या उंबऱ्यावर आणून आदळला, आणि १९८६ च्या नोव्हेंबरात निवडणूक होती! तरी झाला तो कायदा सिनेटनं पातळ केलेला. डेलम्सचा कडक मसुदा बाजूलाच राहिला, हेही विसरू नका.

इथं परराष्ट्र करारांना संसदेचं मत लागतच नाही. मत घेतलं तर व्हिप. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप मोडला की खासदारकीच जाऊ शकते. राखीव जागेवरचा आपला माणूस हात वर करतो, दोरी पक्षाच्या बोटात.

आणि १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा हाच देश २००१ साली तिथल्याच डर्बनमध्ये, वंशवादविरोधी जागतिक परिषदेत, जातीचा विषय नको म्हणून अडून बसला. आपल्या पाठीवरच्या वळांबद्दलचं हे परराष्ट्र धोरण! आपली माणसं डर्बनपर्यंत ओरडत गेली. पण राखीव जागांवरच्या किती खासदारांच्या दारात आपण तेव्हा ठाण मांडलं?