पावलांचें गणित

गणिताचा विषय निघाला कीं पुष्कळ घरांत दोन उद्गार ऐकूं येतात. मूल म्हणतें, "मला तें जमत नाहीं", आणि वडील माणसें म्हणतात, "आम्ही कोठें शिकलों? गुरुजींनाच विचार." यांपैकीं दुसरा उद्गार अधिक घातक होय, असें आमचें मत आहे. कारण मोजणें मनुष्य प्रथम आपल्या हातापायांनींच शिकला. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'तहि २४ अंगुळांचा एक हात व ४ हातांचा एक दंड, अशीं मापें आरंभींच दिलीं आहेत. हातपाय तर शिकलेल्या व न शिकलेल्या सर्वांसच आहेत.

सुटीच्या दिवशीं अंगणांत किंवा मोकळ्या मैदानांत २० मीटर अंतर आंखावें. मुलानें तें नेहमींच्या चालीनें तीन वेळां चालून पावलांची सरासरी काढावी. समजा, ३२ पावलें भरलीं. तर एक पाऊल ६२.५ सेंटिमीटरांचें झालें. मग शाळेपर्यंत ९६० पावलें होत असल्यास अंतर ६०० मीटर. वडिलांचें पाऊल ८० सेंटिमीटरांचें असेल, तर तोच रस्ता त्यांस ७५० पावलांत सरतो. पाऊल मोठें, तर संख्या लहान. व्यस्त प्रमाण म्हणतात तें हेंच. वडिलांच्या बरोबरीनें चालतांना तें मुलाच्या पायांसच कळतें. तसेंच आईनें व मुलीनें आपापल्या वितीनें एकच पाट मोजावा. उत्तरें जुळणार नाहींत. आणि सर्वांस मिळून एक माप कां हवें, हें तेव्हांच उमगेल.

पावलांचें माप अचूक नसतें, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. चढावर पाऊल आंखूड पडतें, घाईंत लांब पडतें. परंतु तीन वेळां मोजून तीन उत्तरें कां आलीं, हें शोधणें हाच मोठा धडा होय. शिवाय, नियमानें टाकलेलें पाऊल सामान्य साधन नव्हे. हिमालयांतील मिलम गांवीं शिक्षक असलेले पंडित नैनसिंग रावत १८६६ सालीं ल्हासा येथें पोहोंचले, ते वाट पावलांनीं मोजीत. त्यांच्या माळेंत १०८ ऐवजीं १०० मणी होते. दर १०० पावलांस एक मणी ओढावयाचा, व सुमारें २,००० पावलांचा एक मैल धरावयाचा. म्हणजे माळ एकदां पुरी झाली कीं पांच मैल झाले. या कार्यासाठीं १८७७ सालीं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें त्यांस सुवर्णपदक दिलें.

विद्यार्थीमित्रहो, मोजण्यापूर्वीं अंदाज बांधा, तो लिहून ठेवा, आणि मगच चाला. पालकांस विनंती इतकीच कीं, मुलाचें उत्तर चुकल्यास रागावूं नये. त्याच्यासह तीच वाट पुन्हां चालावी. ज्या आईबापांस अक्षरओळखहि नाहीं, तींहि या पाठांत मुलाचे गुरु होऊं शकतात. कारण ही वाट त्यांच्या रोजच्या पायांखालची आहे.