न्हाणीघरांतील अग्नि

थंडीचे दिवस आले म्हणजे कोल्हापुरांत घरोघर एकच तक्रार ऐकूं येते. कोणाचा गॅसचा गीझर पेटत नाहीं, कोणाचा पेटून विझतो, तर कोणाकडे पाणी कोमटच येतें. कारागिरास निरोप जातो, तो दोन दिवस फिरकत नाहीं, आणि तोंवर घरांतील कोणी तरी पक्कड घेऊन यंत्राच्या पोटांत हात घालतें. म्हणून या यंत्राचें दुखणें ओळखावें कसें, आणि कोणतें दुखणें यंत्राचें नसून आपल्या घराचें असतें, याचा विचार या खेपेस करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गीझर हा शब्द मूळचा आइसलंडांतील. तेथील एका उष्णोदकाच्या कारंज्याचें हें नांव. त्याचा धात्वर्थ उसळणें असा आहे. १८६८ सालीं लंडन येथील बेंजामिन मॉगन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थानें वायूवर तत्काळ पाणी तापविणारें यंत्र केलें व त्यास हें नांव दिलें. जळलेला वायु बाहेर नेणारी नळी मात्र त्या यंत्रास नव्हती. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

यंत्राची रचना समजण्यास कठीण नाहीं. तोटी उघडली कीं पाण्याच्या दाबानें आंतील रबरी पडदा ढकलला जातो, त्याच्या दांडीनें वायूचा मार्ग उघडतो व त्याच वेळीं सेलांच्या बळावर ठिणगी पडते. ज्योतीपाशीं एक लहान शलाका पहाऱ्यास असते. ज्योत विझली कीं ती वायु बंद करविते. ज्योतीच्या वर असलेल्या तांब्याच्या नळ्यांतून फिरून पाणी तापतें.

आतां निदान. नैयायिक एकेक कारण काढून पाहून कार्याचा शोध घेतात, तीच रीत येथें उपयोगी पडते. प्रथम तोटी उघडून ठिणगीचा टकटक आवाज येतो काय तें ऐकावें. आवाज नाहीं आणि पाण्याची धारही बारीक, तर दोष पाण्याचा समजावा. एक तर छपरावरील टाकी पुरेशी उंच नसेल, किंवा पाणी आंत येतें तेथील जाळींत रेती अडकली असेल. वायु व पाणी दोन्ही बंद करून जाळी धुतली कीं काम होतें. धार जोरांत आहे पण आवाज नाहीं, तर बहुधा सेल संपलेले असतात. ते सगळे एकदम बदलावे, जुन्यानव्यांची मिसळ करूं नये. आवाज येतो पण ज्योत नाहीं, तर सिलिंडर पाहावा. ज्योत चांगली असून पाणी कोमट, तर कूपनलिकेच्या पाण्यांतील क्षारांचें पुट नळ्यांत बसलें असावें. तें काढणें कारागिराचें काम.

राहिला पेटून विझणारा गीझर. पुष्कळ गीझर सुमारें २० मिनिटांनीं आपण होऊन बंद होतात. कांहींत तर हवेंतील प्राणवायु उणावतांच विझण्याची योजना असते. असें विझणें हा बिघाड नव्हे, ती सूचना आहे. तार जोडून हा त्रास कायमचा काढून टाक, असें कारागिरास कोणीही सांगूं नये.

कारण अग्नीस हवा फार लागते. सिलिंडरमधील वायूच्या एका मापास पुरें जळण्यासाठीं सुमारें २४ ते ३१ मापें हवा खर्ची पडते. ती मिळाली नाहीं कीं ज्योत पिवळी होते, काजळी धरते, आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघूं लागतो. प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट ओढीनें तो रक्ताला चिकटतो. सिलिंडरमधील वायूस मुद्दाम दुर्गंध मिसळलेला असतो, म्हणून गळती नाकास कळते. या विषास वासही नाहीं व रंगही नाहीं. धुरावरून अग्नीचें अनुमान करावें, हा तर्कशास्त्राचा पहिला पाठ. येथें अग्नि डोळ्यांपुढें जळत असतो, आणि घातक धूर तेवढा दिसत नाहीं.

आमच्या लहानपणीं महाद्वाराच्या आसपासच्या वाड्यांत तांब्याचा बंब परसांत धडधडत असे. शेणी व चिपाडें यांचा धूर डोळ्यांत जाई, पण तो आकाशाखालीं असे. पेटता बंब न्हाणींत नेऊन दार लावून घ्यावें, असें कोणाच्या स्वप्नींही आलें नसतें. आजच्या सदनिकांत आपण नेमकें तेंच करतों, आणि थंडी वाजते म्हणून खिडकीही लावून घेतों. दिवाळीच्या पहांटे तर एकामागून एक पांचसहा स्नानें होतात, व शेवटीं न्हाणाऱ्याच्या वाट्यास सर्वांत वाईट हवा येते.

म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या सज्जांत बसवावा व गरम पाण्याची नळीच तेवढी आंत आणावी. तें होईपर्यंत दार उघडें ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, हवा खेळूं द्यावी आणि मगच स्नानास बसावें. स्नान करतांना डोकें दुखूं लागलें, मळमळलें, पाय लटपटले, तर तत्काळ बाहेर यावें. कोणी आंत पडलेलें आढळल्यास त्यास आधीं मोकळ्या हवेंत आणावें, विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें, आणि न्हाणीघरांत गॅसचा गीझर चालू होता हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. असे झटके अपस्मार समजले गेल्याचीं उदाहरणें भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत. उलट सिलिंडरच्या वायूचा वास आला, तर विजेच्या बटणास हात न लावतां कळ बंद करावी, खिडक्या उघडाव्या व १९०६ या क्रमांकावर कळवावें.

मॉगनच्या यंत्रांतील उणीव दीडशें वर्षांनंतरही कित्येक न्हाणीघरांत तशीच आहे. ती भरून काढण्यास मोठा कारागीर नको. येत्या रविवारीं घरांतील कर्त्या माणसानें गीझर कोठें आहे, ज्योत निळी आहे कीं पिवळी, आणि खिडकी उघडते कीं नाहीं, एवढें पाहावें. त्याप्रमाणें व्यवस्था करून घेतली, म्हणजे मग थंडी खुशाल पडो.