तीन सरकारे आणि एक रान

मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक वाघ कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात आढळला, तेव्हा औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्या बातमीचे मोठे कौतुक झाले. त्याने किती तालुक्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा ओलांडल्या याची मोजदाद वर्तमानपत्रांनी केली. वाघाने अर्थातच केली नाही. वन्यप्राण्याला रान सलग आहे की तुटलेले, एवढेच कळते. रानाचे तुकडे करून कारभार हाकणाऱ्या सरकारांना मात्र नेमके तेवढेच कळत नाही. याचा पुरावा हवा असेल तर चोर्ला घाटाच्या परिसराकडे पाहावे.

तेथे महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक यांच्या सीमा एका सदाहरित अरण्यात मिळतात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील २०८ चौरस किलोमीटरचे म्हादई अभयारण्य १९९९ साली घोषित झाले, तेही राष्ट्रपती राजवट असताना. लोकनियुक्त सरकारांना जे सुचले नाही ते राज्यपालांनी केले, ही लोकशाहीवाद्यांनी मान खाली घालण्यासारखी गोष्ट आहे. त्याला लागून खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य कर्नाटकाने २०११ मध्ये जाहीर केले. आणि महाराष्ट्राने? २०२० मध्ये दोडामार्ग तालुक्यात तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. त्याचे क्षेत्र अवघे २९.५३ चौरस किलोमीटर. त्याच तालुक्यात कळणे येथे लोहखनिजाची खाण चालली, आणि जुलै २०२१ मध्ये तिचा बांध फुटून चिखलपाणी गावकऱ्यांच्या घरांत व बागांत शिरले. रान एकच, पण एकीकडे संरक्षण आणि दुसरीकडे उत्खनन, असा हा कारभार आहे.

या अरण्याच्या नावाने तिन्ही सरकारे एकत्र येतात ती फक्त भांडणासाठी. म्हादईच्या पाण्यासाठी २०१० साली लवाद नेमला गेला. त्याने २०१८ मध्ये गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी दिले. तिघांचेही समाधान झाले नाही. तिघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. परंतु जे रान पावसाळ्याचे चार महिने पाणी जमिनीत मुरवते आणि उन्हाळ्यापर्यंत झिरपत ठेवते, त्याचा वाटा कोणी मागितला? अर्थशास्त्रात हा प्रकार जुना आहे. नफा खासगी खात्यावर जमा होतो, तोटा समाजाच्या खात्यावर पडतो. येथे समाज म्हणजे खालच्या अंगाचा शेतकरी, मासेमार आणि गुराखी.

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात एक वाघीण व तिचे बछडे असे चार वाघ विषप्रयोगाने मारले गेले. गुन्हा दाखल झाला तो ज्यांची जनावरे वाघाने मारली होती अशा पशुपालक कुटुंबातील माणसांवर. कृत्य अक्षम्य होते. पण वर्षानुवर्षे हक्क अनिश्चित ठेवणारे, नुकसानभरपाईसाठी कचेरीचे उंबरठे झिजवायला लावणारे शासन या खटल्यात आरोपी नव्हते.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने शिफारस करूनही गोवा सरकारने व्याघ्र प्रकल्प घोषित केला नाही. कारण काय, तर अरण्यात राहणाऱ्या गोरगरिबांचे काय होणार! जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि वननिवासींचे दावेही शक्यतो बारा महिन्यांत निकाली काढण्यास सांगितले. अभयारण्य १९९९ चे, आदेश २०२३ चा. मधल्या चोवीस वर्षांत ज्यांना या गोरगरिबांच्या दाव्यांचा निकाल लावता आला नाही, त्यांनीच त्यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे, यापरते ढोंग कोणते?

तथापि उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. कुंपण घाला, माणसे हुसका, म्हणजे वाघ वाचतील, असे मानणारा एक शहरी निसर्गप्रेमी वर्ग आहे. आफ्रिकेत कॅमेरून, काँगो व मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या तीन राष्ट्रांनी सांघा नदीकाठचे वर्षावन एकत्र जपण्याचा करार २००० साली केला. तीन स्वतंत्र राष्ट्रांना जे जमले ते एकाच संघराज्यातील तीन राज्यांना जमू नये, हे लाजिरवाणे आहे. पण तेथेही अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बाका लोकांना वनरक्षकांच्या जाचाबद्दल तक्रार करावी लागली. त्यांचे सहकार्य घ्यावे, त्यांची चूक गिरवू नये.

आपला कायदा तर याहून पुढे आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ ची दुरुस्ती सांगते की, हक्क मान्य झाल्याविना आणि ग्रामसभेच्या संमतीविना व्याघ्र प्रकल्पातून कोणालाही हलवता येत नाही. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि रान राखून दाखवले. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटासाठी हेच सांगितले होते: निर्णय ग्रामसभांपर्यंत न्या. तो अहवाल सरकारने दडपून ठेवला; माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. सत्ताधाऱ्यांना वाघाची भीती वाटत नाही. त्यांना भीती वाटते ती ग्रामसभेची.

मराठवाड्याने याबाबतीत त्रयस्थ राहणे योग्य नव्हे. नाशिक व अहिल्यानगरच्या धरणांतून जायकवाडीला न्याय्य वाटा मिळावा, म्हणून २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वासाठी मराठवाडा लढला. खालच्या अंगाच्या माणसाचा हक्क गोदावरीवर खरा आणि म्हादईवर खोटा, असे म्हणता येणार नाही. गोदावरीचे पाणीही सह्याद्रीच्याच माथ्यावरून येते. म्हणून मागणी एकच असावी: तिन्ही राज्यांचे एक संयुक्त अरण्य मंडळ, त्यात सीमेवरील ग्रामसभांचे निवडून आलेले प्रतिनिधी, आधी वनहक्कांचा निकाल, आणि अरण्यात नव्या खाणींना सरसकट बंदी. ही मागणी सरकारे आपणहून मान्य करणार नाहीत. ती लोकांनाच मान्य करून घ्यावी लागेल.