शुद्ध स्फटिकाचे अर्थशास्त्र

राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. यातून उपकरणे केव्हा तयार होणार, असा प्रश्न विचारला जातो. ती ज्या पदार्थांतून घडवायची ते पुरेसे निर्दोष आहेत काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

ग्राफीनसारख्या एका अणूच्या जाडीच्या थरांबाबत हा प्रश्न निर्णायक ठरतो. अणुरचनेतील अव्यवस्थेमुळे इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकू शकतात, हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली दाखवले. पुढे १९७९ मध्ये अँडरसन, आपले टी. व्ही. रामकृष्णन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी असा निष्कर्ष मांडला की, इलेक्ट्रॉनांचे परस्परांवरील परिणाम बाजूला ठेवले तर, द्विमितीय थरात अत्यल्प अव्यवस्थाही अतिशीत तापमानाला प्रवाह खुंटवण्यास पुरेशी होते.

तथापि अव्यवस्था सर्वस्वी अनिष्ट नाही. १९८० साली क्लाउस फॉन क्लित्सिंग यांना प्रबळ चुंबकक्षेत्रात विद्युतरोधाच्या ठरावीक पायऱ्या आढळल्या. त्या रुंद व स्थिर राहतात, त्या अडकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळेच. उलट १९८२ साली सापडलेल्या अपूर्णांकी पायऱ्या इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेतून घडतात, आणि अव्यवस्था वाढताच मोडतात. तात्पर्य, इलेक्ट्रॉन न्यूनतम ऊर्जेच्या कोणत्या अवस्थेत स्थिरावणार, हे पुष्कळदा पदार्थाची शुद्धताच ठरवते.

ग्राफीनमधील अव्यवस्था कमी करण्यासाठी २०१० पासून ते बोरॉन नायट्राइडच्या सपाट स्फटिकावर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. असे उत्कृष्ट स्फटिक जगभरच्या प्रयोगशाळांना प्रामुख्याने जपानमधील त्सुकुबा येथील तानिगुची व वातानाबे या दोन शास्त्रज्ञांकडून मिळत आले आहेत. एवढ्या मोठ्या विद्याशाखेचा भार दोन माणसांच्या कसबावर असावा, ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने चिंतेची बाब होय.

अशा परावलंबनाची किंमत वरोर-तारापूरच्या किनाऱ्याला नवी नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, ते अमेरिकी अणुभट्ट्या व अमेरिकी इंधन यांच्या बळावर. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्या इंधनाचा प्रश्न वर्षानुवर्षे चिघळत राहिला. यंत्र विकत घेता येते, पुरवठ्याचा भरवसा विकत घेता येत नाही.

म्हणून क्वांटम मोहिमेच्या निधीतील निश्चित हिस्सा स्फटिक वाढवणे, त्यांतील दोष मोजणे आणि हे काम करणारे तंत्रज्ञ घडवणे यांसाठी राखून ठेवावा. हे कसब अंगी मुरायला वर्षे लागतात. वरोरसारख्या गावांतील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनाही त्या शिक्षणात स्थान मिळाले, तर हा खर्च अधिकच सार्थकी लागेल.