दुखणं बाईचं, की कामाचं?

सोलापुरातल्या बिडी कामगार बायकांच्या बैठकीत आरोग्याचा विषय काढला की आधी तंबाखूची धूळ आणि खोकला येतो. जरा वेळ गप्पा रंगल्या की मग कंबर, मान, गुडघे आणि बोटं यांची पाळी येते. पस्तिशीची बाई म्हणते, "आता वयच झालं." डॉक्टर गोळ्या देतात, घरचे 'बाळंतपणात अंग धरलं असेल' म्हणतात. म्हणजे दुखणं तिच्या वयाचं, तिच्या बाळंतपणाचं. कामाचं मात्र कधीच नाही.

काम कसं असतं ते पाहू. पाय दुमडून, मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून ती तासन्‌तास बसते. भिजवलेलं तेंदूपान मापाने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजार बिड्यांवर. अंगठा आणि तर्जनीची तीच ती हालचाल दिवसाला शेकडो वेळा होते. रात्री बोटांना मुंग्या येणं, अंगठ्याच्या मुळाशी कळ येणं, हातातून भांडं निसटणं याचं मूळ इथे असू शकतं. आणि सूप बाजूला ठेवल्यावर पाणी, स्वयंपाक, धुणं आहेच.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत मनगटात नस दबणं आणि फार काळ उकिडवं बसून केलेल्या कामाने गुडघ्याला होणारी इजा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या यादीत शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा होता. कंबर, मान, मनगट नव्हतं. २०२० च्या संहितेतही ही उणीव तशीच राहिली. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८८ मध्ये 'श्रमशक्ती' अहवालात असंघटित बायकांच्या कामाचे आरोग्यावर होणारे परिणाम मांडले होते. तरीही ज्या दुखण्याची नोंदच होत नाही, त्याची भरपाई कोण देणार?

इथे फिजिओथेरपीचा उपयोग आहे. पण मोठ्या इस्पितळातल्या यंत्रांची नव्हे, तर वस्तीत येऊन बाईला काम करताना पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टची गरज आहे. पाठीला भिंतीचा आधार, सुपाखाली उशी म्हणजे मान कमी वाकते, बैठक अधूनमधून बदलणं, दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाय मोकळे करणं, बोटं ताणणं; या साध्या गोष्टी आहेत. दुखणं जुनं होण्याआधी केल्या तर हात टिकतो.

पण मैत्रिणींनो, इथेच सावध राहायला हवं. 'रोज व्यायाम करा' एवढाच सल्ला दिला तर बाईच्या दिवसात आणखी एक काम वाढतं, आणि दुखणं थांबलं नाही तर दोषही तिचाच ठरतो. ज्या बाईची मजुरी नगावर आहे तिने पाच मिनिटं हात थांबवले तर पैसे कोणाचे कापले जातात? तिचेच. म्हणून विश्रांतीचा वेळ धरूनच हजार बिड्यांचा दर ठरला पाहिजे. एरवी विश्रांती हा सल्ला राहील, हक्क होणार नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. १९७६ च्या कायद्यांनी बिडीवर उपकर बसवला आणि त्यातून बिडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ मध्ये, तो उपकर रद्द झाला. उद्योगाकडून येणारा हक्काचा पैसा थांबला, दुखणी थांबली नाहीत. बिडी कामगारांच्या दवाखान्यांत फिजिओथेरपिस्ट नेमावा आणि त्याचा खर्च मालकांकडून वसूल व्हावा, ही मागणी संघटनांनी मजुरीच्या मागणीइतकीच जोराने मांडायला हवी.

सुरुवात आपल्या बैठकीतूनच करता येईल. मोठ्या कागदावर बाईच्या शरीराची आकृती काढावी आणि प्रत्येकीने दुखतं तिथे ठिपका लावावा. किती वर्षं, रोज किती बिड्या, हेही शेजारी लिहावं. एकाच जागी ठिपक्यांची गर्दी झाली की "माझं वय झालं" हे वाक्य आपोआप गळून पडतं. तो कागद घेऊन आपल्याला कामगार अधिकाऱ्याकडे जाता येतं.