वाढीव घोड्यांचा हिशेब

आमच्या घराण्यात घोड्यावर बसण्याचा प्रसंग प्रत्येक पुरुषाच्या आयुष्यात एकदाच येतो, आणि तोही घोडा भाड्याचा असतो. त्यामुळे परवा आमचा पुतण्या मन्या घरात शिरता शिरता "काका, पाच घोडे वाढवले!" असं ओरडला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकदम पाच नवरदेव उभे राहिले.

"कुठे बांधलेस?" मी विचारलं.

"इंजिनात!"

हे इंजिन म्हणजे आमच्या दादाच्या गाडीचं. यामाहाची आरएक्स 100. ही गाडी 1985 साली भारतात आली आणि 1996 पर्यंत बनली. दादाने 1991 साली कर्ज काढून घेतली. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि घोडे अकरा. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि तिच्या मागच्या सीटवर बसून स्वतःला तेरावा घोडा समजत होतो. बारावा अर्थातच दादा. पाच वर्षांपूर्वी दादा गेला. गाडी राहिली. मन्याने ती पुसूनपासून, कागदपत्रं नवी करून रस्त्यावर आणली तेव्हा पेढे मीच वाटले. तिथे थांबला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मग त्याला उस्ताद भेटले.

उस्तादांनी सिलिंडरचं पोर्टिंग केलं, हेड घासलं, एअर फिल्टर काढून टाकला, सायलेन्सर बदलला आणि अकराचे सोळा झाले म्हणून जाहीर केलं. मोजले कशाने? कानाने! आमच्या बँकेत मी कानाने नोटा मोजायला लागलो तर दुपारपर्यंत घरी पाठवतील.

वाचकहो, मी कॉमर्सचा माणूस. यंत्रशास्त्राशी माझा संबंध स्टेपलरपुरता. पण वीस वर्षं जमा-नावे लिहून एक गोष्ट हाडात भिनली आहे: जमेच्या बाजूला काही आलं की कुठेतरी ते कुणाच्या तरी नावे पडलेलंच असतं. मन्याच्या इंजिनाची कीर्द मी या नजरेने तपासली. जमेची बाजू उस्ताद तोंडपाठ सांगतात. नावेची बाजू मी सांगतो.

पोर्टिंग म्हणजे धूर बाहेर जायचं भोक वर सरकवून मोठं करायचं. ते लवकर उघडतं, त्यामुळे इंजिन जोरात फिरत असताना ताकद वाढते. अगदी खरं आहे. पण हळू फिरताना तेवढीच कमी होते. आता तुम्हीच सांगा, पुण्यात संध्याकाळी सहा वाजता इंजिन जोरात फिरवायला रस्ता कुठे आहे? ज्या वेगाने रोज जायचं त्या वेगातली ताकद विकून, ज्या वेगाने कधीच जाता येणार नाही त्या वेगातली घेतली. असं कर्ज मागायला कुणी आला तर मी त्याला पाणी देऊन परत पाठवीन.

हेड घासलं की आतली जागा कमी होते आणि मिश्रण जास्त दाबलं जातं. धक्का जोरकस बसतो, त्याबरोबर उष्णताही वाढते; आणि पेट्रोल वेळेआधी पेटायला लागलं की इंजिन आतून ठोके खातं. फिल्टर काढला की हवा भरपूर, पण तिच्याबरोबर पुण्याची धूळही मोफत. शिवाय हवा वाढवली आणि कार्बोरेटरचं जेट तेच ठेवलं, तर पेट्रोल कमी पडून पिस्टन तापतो आणि सिलिंडरात जाम होतो. मागचं चाक जागच्या जागी अडकतं. त्या क्षणी सोळाच्या सोळा घोडे एकदम बसतात आणि स्वार मात्र पुढे जातो.

आणि सायलेन्सर! टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसतं आवाज दाबायचं नळकांडं नव्हे. त्याच्या पोटाचा आकार हिशेबाने ठरवलेला असतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबाची लाट आतून परत फिरते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. इंजिनाच्या मापाशी न जुळणारी नळी बसवली की ही लाट भलत्याच वेळी येते. साहेब निघून गेल्यावर उठून उभ्या राहणाऱ्या शिपायासारखी. ताकद वाढत नाही. वाढतो तो आवाज. आणि आवाजाचं गणित असं की दहा डेसिबल वाढले की त्याची ऊर्जा दहापट होते. एवढं व्याज आमच्या कुठल्याच ठेवीला नाही.

कायद्याचं तर विचारूच नका. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की नोंदणीच्या कागदावरच्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. कागद आणि वस्तू यांचा मेळ हा आमचा धर्म. मन्याच्या मते ती "काकांची जुनाट सवय."

आता दुसऱ्या बाजूचंही लिहायला हवं, नाहीतर तेरीज जुळायची नाही. शर्यतीसाठी बंद ट्रॅकवर इंजिन वाढवणारे लोक असतात आणि ती मोठी विद्या आहे. पण ते ताकद वाढवली की ब्रेक, टायर, शॉक अॅब्सॉर्बर सगळं त्या तोडीचं करतात, आणि प्रत्येक शर्यतीनंतर इंजिन उघडून बसतात. मी मन्याला विचारलं, "ब्रेक कुठले?"

"जुनेच. ड्रम."

म्हणजे धावायला सोळा आणि थांबायला अकराच! गेल्या महिन्यात चौकात एक आजी मध्येच थांबल्या. गाडी त्यांच्या पिशवीला लागून उभी राहिली. टोमॅटो रस्त्यावर आणि मन्या फुटपाथवर. आजींना काही झालं नाही, मन्याचा अंगठा सुजला. तो मला हे हसत हसत सांगत होता, पण हात थरथरत होता. तेव्हापासून मी या विषयावर विनोद जपून करतो.

खरा हिशेब मात्र वहिनीकडे आहे. दादा होता तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला की ती चहाचं आधण ठेवायची आणि गाडी दारात येईपर्यंत पाण्याला उकळी फुटायची. मन्याने गाडी पुन्हा सुरू केली त्या पहिल्या संध्याकाळी ती अशीच उठली होती. आधण ठेवलं, आणि मग ओट्यापाशी बराच वेळ नुसती उभी राहिली. त्यानंतर रोज ठेवू लागली.

परवा रात्री मी तिथेच होतो. बाहेर काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला, शेजारचं तान्हं पोर दचकून रडायला लागलं. वहिनी जागची हलली नाही. म्हणाली, "भाऊजी, बघा हो कोण आलंय."

"मन्या आलाय," मी म्हणालो.

हे मी मन्याला सांगितलं. पोर्टिंग, हेड, 52 वं कलम यांवर तोंड चालवणारा मुलगा यावर काही बोलला नाही. दादाचा सायलेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला आहे. तो परत बसवायची मजुरी मी देतो म्हणालो. "बघू, काका," म्हणाला.

काल वहिनीचा फोन आला होता. माळ्याला लावलेली शिडी तशीच ठेवून मन्या कुठे गेलाय, असं विचारत होती.